मुसळगाडीला दहीसाखर

एक होता मुलूख, त्याचं नाव मिशिगन. त्या मुलखात एक गाव, ट्रॉय. गावाला वेस नव्हती, हायवे होता. पाणवठा नव्हता, मॉल होता. आणि मोटारीशी ज्याचा संबंध नाही असा माणूस त्या गावात औषधालाही सापडत नसे. कोणी इंजिन करी, कोणी ब्रेक करी, कोणी नुसतं सीटचं कापड बेती. अशा त्या गावात ज्ञानदेव नावाचा इंजिनिअर राहत होता. त्याची बायको शरयू, तेरा-चौदा वर्षांची लेक दीपा, आणि लेकाचा संसार बघायला कराडकडच्या खेड्यातून आलेली त्याची आई गिरजाबाई. अशी चार माणसं, आणि पाचवी ती गाडी. पाचवी आपण म्हणायची. ज्ञानदेव तिला पहिली धरायचा.

आता ही गाडी घरात आली कशी, ते आधी ऐका.

ज्ञानदेव कंपनीत काय बनवायचा, तर मोटारीच्या दाराला कडेनं काळ्या रबराची पट्टी असते ना, वारा-पाणी आत येऊ नये म्हणून, ती. गेली कित्येक वर्षं तो तीच पट्टी करत होता आणि मन लावून करत होता. गिरजाबाईंनी मात्र गावाकडं सगळ्यांना सांगून ठेवलेलं, आमचा ज्ञाना अमेरिकेत मोटारी बनवतो. त्यामुळं आल्या आल्या त्यांनी ती मोटार बघायचा हट्ट धरला. ज्ञानदेवानं त्यांना कंपनीच्या आवारात नेलं, एका नव्या कोऱ्या गाडीचं दार उघडलं आणि पट्टी दाखवली. गिरजाबाईंनी पट्टीवरून बोट फिरवलं, मग अख्ख्या गाडीला एक फेरी मारली आणि विचारलं, "आन् बाकीची?"

"बाकीची दुसरे लोक करतात, आई."

यावर गिरजाबाई काही बोलल्या नाहीत. (त्यांचं बोलणं सोसण्याची घरात सगळ्यांना सवय होती. न बोलण्याची कोणालाच नव्हती.)

ते न बोलणं ज्ञानदेवाच्या पोटात जाऊन बसलं. महिनाभरात तो गाडी घेऊन आला. साधीसुधी नव्हे, सत्तर सालची डॉज चॅलेंजर. एका रिटायर झालेल्या कामगाराच्या कोठारात कोंबड्यांच्या संगतीत पडली होती. रंग ताज्या वांग्यासारखा जांभळा, नाक लांब, कंबर बारीक, आणि सुरू केली की शेजारच्या घरातल्या काचेच्या बरण्या बोलू लागायच्या. ज्ञानदेव पहिल्यांदा अमेरिकेत आला तेव्हा खोलीत हीटर नव्हता, म्हणून थिएटरात जाऊन बसायचा. तिथं त्यानं असल्या गाड्यांचे सिनेमे पाहिले होते. त्या सिनेमांत हिरो दोन शब्द बोलायचा, बाकी सगळं गाडी बोलायची. ज्ञानदेवालाही बोलणं जमत नसे, त्यामुळं हा प्रकार त्याला फार पटला होता.

दीपानं आजीला कौतुकानं सांगितलं, "आजी, इट्स अ मसल कार."

"मुसळ?" गिरजाबाईंनी बॉनेटकडं पाहिलं. "मग उखळ कुठाय?"

दीपा हसून हसून लोळली. मग मसल म्हणजे काय ते समजवायला तिनं आपला दंड फुगवून दाखवला. गिरजाबाई म्हणाल्या, कळलं, दंडाची गाडी. आणि त्याच आठवड्यात ज्ञानदेवाला हायवेवर पोलिसानं जास्त वेगाबद्दल दंड केला, तेव्हा त्यांनी नातीला सांगितलं, तू म्हणालीस ते खरं निघालं बाई. पण नाव पडलं ते मुसळगाडीच.

ज्ञानदेवानं गाडी धुतली, पुसली, इंजिन उघडून पुन्हा बसवलं. (चार स्क्रू उरले. ते त्यानं डबीत जपून ठेवले, आणि गाडी तरीही चालते याचा त्याला अभिमान वाटला.) दारांची जुनी रबरं काढून आपल्या हातानं कापलेल्या नव्या पट्ट्या बसवल्या. हे सगळं गॅरेजमध्ये. आणि शरयूची रोजची कामावर जायची गाडी कुठं, तर बाहेर, उघड्यावर.

सप्टेंबर लागला तशी शरयू बोलू लागली. मिशिगनची थंडी तुम्हाला ठाऊक नाही. तिथं सकाळी गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडताना माणसाला नवऱ्याचे सगळे गुण आठवतात. तिनं सांगून टाकलं, पहिला बर्फ पडायच्या आत मुसळ गॅरेजबाहेर. विका, द्या, कोंबड्यांना परत करा.

तेवढ्यात श्रीराम आला. श्रीराम म्हणजे ज्ञानदेवाचा मित्र, पण छोटी जपानी गाडी चालवणारा. त्या काळी अमेरिकी गाड्यांवर पोट भरणाऱ्या त्या गावात जपानी गाडी घेऊन फिरणं म्हणजे श्रावणात कोणाच्या घरी सुकट घेऊन जाण्यासारखं होतं. बिचारा पार्किंगमध्ये अगदी टोकाला गाडी लावून चालत यायचा. त्यानं बातमी आणली, डेट्रॉइटमध्ये सिनेमाचं शूटिंग आहे, पाठलागाचा सिनेमा आहे, आणि त्यांना सत्तरच्या आसपासच्या गाड्या पाहिजेत.

ज्ञानदेवानं फोन केला. सिनेमावाल्यांची दोन माणसं येऊन गाडी बघून गेली आणि या म्हणाली. त्या रात्री जेवताना ज्ञानदेवानं शरयूपुढं करार मांडला. गाडी सिनेमात दिसली तर ती घरात राहील. नाही दिसली, तर तो स्वतः ती विकेल आणि पुन्हा नाव काढणार नाही. शरयूनं आमटी वाढता वाढता होकार दिला. गिरजाबाई साक्षीदार.

आता सिनेमावाल्यांनी सांगितलं होतं एवढंच, की गाडी रस्त्याच्या कडेला उभी राहील, हिरोची गाडी येताना दिसली की हळूच अर्धी बाहेर काढायची आणि थांबवायची. बस. पण त्याच आठवड्यात तिथल्या महाराष्ट्र मंडळाचा गणपती होता. मोदक वाढले जात होते तेव्हा ज्ञानदेवाच्या सांगण्यात गाडी नुसती कडेवरून बाहेर येत होती. आरतीच्या वेळी ती हिरोच्या मागं लागली. आणि विसर्जनाच्या मिरवणुकीपर्यंत तिनं पुलावरून उडी मारलेली होती. ज्ञानदेव मुद्दाम खोटं बोलत नव्हता. लोक विचारत होते, आणि तो कोणाला निराश करत नव्हता.

याचा परिणाम असा झाला, की शूटिंगच्या रविवारी डेट्रॉइटच्या त्या बंद कारखान्याच्या रस्त्यावर दोरीच्या पलीकडं निम्मं महाराष्ट्र मंडळ घडीच्या खुर्च्या, थर्मास आणि पोह्यांचे डबे घेऊन हजर. श्रीराम कॅमेरा घेऊन सगळ्यांत पुढं. ज्ञानदेवाला घाम फुटला. गाडी अर्धी पुढं येऊन थांबणार, आणि हे सगळं गाव बघणार.

सिनेमावाल्यांचा एक टोपी घातलेला माणूस सगळ्यांना हुकूम सोडत होता. त्यानं ज्ञानदेवाला पुन्हा पुन्हा समजावलं. मी हात खाली केला की पहिला गिअर, गॅसच्या पेडलवर हळू पाय, अर्धी बाहेर, ब्रेक. ज्ञानदेव शपथ घेतल्यासारखी मान हलवत होता. शरयू आणि दीपा दोरीजवळ उभ्या होत्या. हिरोची गाडी लांब वळणावर गुरगुरत होती. सगळे चिडीचूप. टोपीवाल्यानं हात वर केला.

आणि गिरजाबाई दोरीखालून वाकून आत आल्या.

त्यांच्या हातात स्टीलचा डबा होता. टोपीवाला हातवारे करत राहिला, पण गिरजाबाईंना इंग्रजी येत नव्हतं आणि हातवारे त्या बघत नव्हत्या. त्या सरळ गाडीच्या खिडकीशी गेल्या.

"हात कर."

"आई, आत्ता नको. कॅमेरा सुरू आहे."

"कॅमेऱ्याला बी देते. एवढ्या मोठ्या कामाला निघाला, तोंड गोड न करता निघतोस व्हय? हात कर."

ज्ञानदेवानं हात पुढं केला. आईनं मागितला तर माणूस हात पुढं करतोच. गिरजाबाईंनी उजव्या तळव्यावर चांगलं चमचाभर घट्ट दही ठेवलं, वर साखर, आणि म्हणाल्या, येतो म्हण. तो येतो म्हणाला. त्या बाजूला झाल्या. त्यांना आणखी लांब हाकलायला म्हणून टोपीवाल्यानं वर केलेला हात जोरात खाली आणला.

ज्ञानदेवाला वाटलं, हीच खूण.

त्यानं घाईघाईनं तळवा चाटला. पण चाटून कुठं हात कोरडा होतो? साखर चिकटते आणि दही सटकतं. त्या गाडीच्या गिअरची मूठ बंदुकीच्या मुठीसारखी, गुळगुळीत लाकडाची. पहिला गिअर आणि रिव्हर्स अगदी शेजारी, एका घरातल्या जावांसारखे. एकीला हाक मारली की दुसरी ओ देते. ज्ञानदेवाचा हात मुठीवरून घसरला, गिअर एक घर पलीकडं गेला, आणि त्यानं गॅस दिला.

मुसळगाडी मागं सुटली.

ज्ञानदेवाला वाटलं, गॅस कमी पडला म्हणून पुढं जात नाही. म्हणून त्यानं आणखी दिला. मागच्या चाकांतून धूर निघाला, टायर किंचाळले, गाडीनं शेपटी फिरवली आणि लग्नातल्या पंगतीत शिरलेल्या वळूसारखी ती हिरोच्या गाडीसाठी रचून ठेवलेल्या खोक्यांच्या ढिगात घुसली. खोकी आभाळात. तिथून ती भिंगरीसारखी पुरी एक गिरकी घेऊन रस्त्याच्या ऐन मध्यावर आडवी येऊन थबकली. आणि त्याच क्षणी वळणावरून हिरोची गाडी सणसणत आली. ती चालवणारा माणूस कसलेला होता. त्यानं चाक फिरवलं, फुटपाथवर चढला, मुसळगाडीच्या दारापासून वीतभर अंतरावरून निघून गेला. मग वरून खोकी पडू लागली. एकेक.

मंडळातल्या कोणाच्या तरी हातातला पोह्यांचा डबा पालथा झाला होता, तेवढाच आवाज.

शरयू चपला सोडून धावत गेली. दार उघडून तिनं विचारलं, "अहो, लागलं का कुठं?"

"बघ ना," ज्ञानदेव म्हणाला, "मागचा बंपर बघ आधी."

मग तिला कळलं याला काही झालेलं नाही, आणि मग तिला राग आला.

टोपीवाला आणि त्याच्या मागं पांढऱ्या दाढीचा डायरेक्टर असे दोघं धावत आले. ज्ञानदेवानं मनातल्या मनात गाडी विकूनही टाकली. पण दाढीवाला ओरडत नव्हता. तो हात जोडावेत तसे छातीशी धरून विचारत होता, हे तू केलंस कसं? कुठं शिकलास? ज्ञानदेवानं नुसता चिकट तळवा पुढं केला.

"इट वॉज द योगर्ट," दीपा म्हणाली.

दाढीवाल्याला एवढं आवडलेलं, की तसंच पुन्हा एकदा दुसऱ्या बाजूनं हवं म्हणाला. खोकी पुन्हा रचली. हात खाली आला. ज्ञानदेवानं अतिशय सावधपणे पहिला गिअर टाकला, गाडी हळूच अर्धी बाहेर आली आणि थांबली. सांगितलं होतं अगदी तसं. दाढीवाल्यानं डोक्याला हात लावला. आणखी एकदा केलं. पुन्हा तसंच, आधीपेक्षाही व्यवस्थित. मंडळातून कोणीतरी जांभई दिली.

तेव्हा टोपीवाला गिरजाबाईंकडं गेला आणि दीपाला दुभाषी करून त्यानं अदबीनं दही मागितलं.

गिरजाबाई नाही म्हणाल्या. एका निघण्याला एकदाच दही. पुन्हा पाहिजे असेल तर पोरानं आधी घरी आलं पाहिजे, पाणी प्यायलं पाहिजे, आणि मग नव्यानं निघालं पाहिजे. घर कुठाय म्हणाल तर आई बसेल ते घर. झालं. सिनेमावाल्यांनी गिरजाबाईंना खुर्ची दिली, खुर्चीवर छत्री धरली, आणि लाखमोलाचा कॅमेरा थांबवून ज्ञानदेवाला कारखान्याला वळसा घालून यायला लावलं. तो आला, पाणी प्याला, पुन्हा निघाला. दही मिळालं. पण आता त्याला दह्याची धास्ती. त्यानं तळवा चाटला, रुमालानं पुसला, पँटला पुसला, आणि गाडी पुन्हा हळूच अर्धी बाहेर.

चौथ्या खेपेला डब्यातलं दही संपलं. जेवणाच्या टेबलावरून कोणीतरी आंबट साय आणून दिली. गिरजाबाईंनी ती हुंगून परत पाठवली. शेवटी दाढीवाला म्हणाला, राहू दे, पहिलंच ठेवू, आणि गिरजाबाईंच्या पाया पडावं की हात मिळवावा हे न कळून दोन्ही थोडं थोडं करून गेला.

पण ठेवू म्हणाले म्हणजे ठेवतातच असं थोडंच आहे? श्रीरामानं लगेच सांगून टाकलं, यार, सिनेमात अर्ध्याहून जास्त कापून टाकतात. करार होता तो सिनेमात दिसण्याचा. आणि बर्फ काही सिनेमासाठी थांबला नाही. नोव्हेंबरात पडला. शरयू म्हणाली, ठीक आहे, सिनेमा लागेपर्यंत मुदत. त्या थंडीत रोज पहाटे ज्ञानदेव कानटोपी घालून बाहेर यायचा आणि शरयूच्या गाडीची काच स्वतः खरवडून द्यायचा. शरयू खिडकीतून कॉफी पीत बघायची. तिची त्याबद्दल काही तक्रार नव्हती. गिरजाबाईंनीही आपली मुदत वाढवून घेतली. सून म्हणाली थंडी सोसणार नाही, आई. त्या म्हणाल्या, माझं दही काय झालं ते बघितल्याशिवाय मी जात नाही.

एप्रिलात सिनेमा लागला. मॉलमधल्या थिएटरात मंडळानं तीन ओळी धरल्या. ज्ञानदेव मधोमध, एका बाजूला आई, एका बाजूला शरयू. सिनेमा सुरू झाला. गाड्या आल्या, गेल्या, उडाल्या, आपटल्या, वांगी रंगाची एकही नाही. अर्धा सिनेमा सरला. श्रीराम मागून वाकून हळहळत म्हणाला, कापली वाटतं. ज्ञानदेवानं शरयूकडं बघायचं टाळलं. अंधारात त्याला गॅरेजचं रिकामं दार दिसू लागलं, आणि त्याच्याही पलीकडं, आईचं ते न बोलणं.

आणि मग तो कारखान्याचा रस्ता आला.

पडदाभर जांभळा रंग पसरला. खोकी उडाली. मुसळगाडीनं गिरकी घेतली ती अशी, की परकी माणसं खुर्चीतून उठली. हिरोची गाडी दाराला चाटून गेली तेव्हा बायका किंचाळल्या, आणि मग अख्ख्या थिएटरनं टाळ्या वाजवल्या. ज्यांना ट्रॉय ठाऊक नाही, ज्ञानदेव ठाऊक नाही, त्यांनीसुद्धा. ज्ञानदेव उभाच राहिला. मागचे लोक बस म्हणत होते, त्याला ऐकू येत नव्हतं.

कॅमेरा त्या आडव्या गाडीच्या दारावरून सावकाश सरकत गेला. धुराळा उठला होता, सगळं राखाडी, आणि दाराच्या कडेनं एक काळी रेघ तेवढी लख्ख.

गिरजाबाईंनी त्याची बाही ओढून खाली बसवला. "ती काठाला काळी रेघ कशाची रं?"

"ती पट्टी, आई. माझी. मी बसवलेली."

गिरजाबाईंनी हवेतच त्या रेघेवरून बोट फिरवलं. "मग तसं सांगायचं ना. हा तर काठ हाय. काठावाचून लुगडं व्हतंय का?" आणि पलीकडच्या खुर्चीतल्या गोऱ्या बाईचा दंड हलवून त्यांनी तिला मराठीत सांगितलं, "काठ माझ्या लेकानं केलाय."

त्या बाईनं मान डोलावली. तिला काय कळलं कोण जाणे. ज्ञानदेवाला मात्र पुढचा सिनेमा दिसला नाही. डोळ्यांत पाणी होतं, आणि ते तो धुराळ्यावर ढकलत होता.

बाहेर पडताना शरयू म्हणाली, "गॅरेजमधले ते खोके नि कपाट हलवा. दोन गाड्या बसतात का बघू."

तिथून त्या घराचे दिवस पालटले. पोरं सायकलवरून गाडी बघायला येऊ लागली. दीपाच्या वर्गातले, जे तिच्याशी कधी बोलत नव्हते, ते तिच्या आजीला भेटायला आले आणि दही खाऊन गेले. कंपनीत मोठ्या साहेबांनी ज्ञानदेवाला बोलावून एवढ्या धक्क्यात पट्टी सुटली कशी नाही ते विचारलं, आणि नव्या गाडीच्या दारांचं सगळं कामच त्याच्याकडं सोपवलं. आता पट्टीच नव्हे, अख्खं दार. श्रीरामानं जपानी गाडी विकली नाही, पण ती आता ज्ञानदेवाच्या दारापुढं उजळ माथ्यानं लावू लागला.

आणि मग चार जुलैच्या, म्हणजे तिथल्या स्वातंत्र्यदिनाच्या, मिरवणुकीचं बोलावणं आलं. बँडच्या मागं, सगळ्यांच्या पुढं, पहिली गाडी तुमची. कमिटीच्या बाईंनी फोनवर हेही सांगितलं, की अट एकच आहे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लहान मुलं असतात. आम्ही सगळ्यांनी सिनेमा पाहिला आहे. तर तो सिनेमात चालवणारा गृहस्थ कृपा करून त्या दिवशी नको.

शरयूच्या माहेरी ट्रॅक्टर होता, क्लच तिच्या पायात लहानपणापासून मुरलेला. चार जुलैला तिनं नारायणपेठ नेसून मुसळगाडी अशी संथ नेली, की छतावर ठेवलेला झेंडाही हलला नाही. शेजारी गिरजाबाई, मागं दीपा. सगळं गाव टाळ्या वाजवतंय, गिरजाबाई दोन्ही बाजूंना नमस्कार करताहेत.

ज्ञानदेव फुटपाथवर गर्दीत उभा होता. गाडी समोरून गेली तेव्हा त्याची छाती शर्टात मावेना. शेजारी एक भला माणूस आपल्या चिमुकल्या पोरीचं बोट धरून उभा होता. ज्ञानदेव त्याला म्हणाला, ती गाडी माझी आहे. माणूस कौतुकानं हसला. मग ज्ञानदेवाला राहवलं नाही. म्हणाला, आणि सिनेमात ती चालवली ना, तोही मीच.

त्या माणसानं त्याच्याकडं नीट पाहिलं, काही न बोलता पोरीला उचलून कडेवर घेतलं, आणि रस्त्याच्या पलीकडं जाऊन उभा राहिला.